‘हेल ऑर हाय वॉटर’ : जमीन वाचली, पण तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?

माळरान

(गोष्ट शेवटापर्यंत उघड करून लिहिली आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या, धागा कुठे जात नाही.)

शनिवारी रात्री ‘हेल ऑर हाय वॉटर’ चौथ्यांदा पाहिला. २०१६चा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झी, पटकथा टेलर शेरिडनची. पश्चिम टेक्सासमधले दोन भाऊ, टोबी आणि टॅनर हॉवर्ड. आई नुकतीच गेली आहे. तिने जमिनीवर घेतलेलं रिव्हर्स मॉर्गेज (म्हातारपणी मालमत्ता तारण ठेवून बँकेकडून घ्यायचे पैसे) थकलं आहे आणि थोड्याच दिवसांत पैसे भरले नाहीत तर रँच, म्हणजे त्यांची गुरं राखायची जमीन, बँकेची होणार. त्याच जमिनीखाली तेल सापडलं आहे. मग हे दोघे त्याच बँकेच्या खेड्यापाड्यांतल्या शाखा लुटतात, नोटा ओक्लाहोमातल्या कॅसिनोत फिरवून आणतात आणि बँकेचं कर्ज बँकेच्याच पैशांनी फेडतात. मागावर दोन टेक्सास रेंजर, म्हणजे राज्याचे पोलीस. निवृत्तीला टेकलेला मार्कस (जेफ ब्रिजेस) आणि त्याचा जोडीदार अल्बर्टो (गिल बर्मिंगहॅम).

पहिल्या तीन वेळा मी निःशंकपणे भावांच्या बाजूने होतो. सिनेमा सुरू होतो तोच कॅमेरा बँकेच्या आवाराभोवती गोल फिरतो आणि जाता जाता भिंतीवर रंगवलेलं वाक्य दिसतं, की इराकमध्ये तीनदा लढून आलो, पण आमच्यासारख्यांना कोणी कर्जातून सोडवलं नाही. २००८च्या मंदीत अमेरिकी सरकारने बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली होती, हे आठवलं की त्या भिंतीवरची ओळ काळजात घुसते. पुढे रस्त्याच्या कडेला सगळीकडे कर्जाच्या जाहिरातींचे फलक, ओस दुकानं, विकायला काढलेली घरं. बाजू ठरूनच जाते.

या वेळी मात्र पोस्ट गावातल्या शेवटच्या दरोड्यापाशी अडकलो. बँक माणसांनी भरलेली. रक्षक पिस्तुलाला हात घालतो आणि टॅनर त्याला गोळी घालतो. एक गिऱ्हाईकही मरतं. सिनेमा त्यांच्यापाशी थांबत नाही आणि मीही तीन वेळा थांबलो नव्हतो. तो रक्षकही त्याच ओस गावांपैकी एखाद्या गावचा, त्याच्याही घरावर कर्ज असणारच. टोबीच्या मुलांचं भविष्य वाचलं, त्याच्या मुलांचं काय?

तुम्ही कोणाच्या बाजूने होतात? आणि शेवटपर्यंत राहिलात का?

शेवंती

मी टोबीच्या बाजूने होते आणि आहे. शेवटी तो मार्कसला जे सांगतो ते मला पाठ झालं आहे. गरिबी हा रोग आहे, आईबापांकडून पोरांकडे येतो, सगळ्या ओळखीच्यांना लागतो, पण माझ्या पोरांना आता लागणार नाही, अशा अर्थाचं. ख्रिस पाइन हे बोलताना आवाज चढवत नाही. देखणेपणावर चाललेला नट म्हणून मी त्याला कधी मोजलंच नव्हतं, इथे तो नुसता खाली मान घालून बसतो तरी पुरे.

तळटीप

चांगला विषय. पटकथेत मला दोन गोष्टी खटकल्या, त्या नोंदवतो.

रक्कम लहान म्हणून एफबीआय लक्ष घालणार नाही, ही गोष्ट सिनेमा गृहीत धरतो. पण १९३४पासून बँक दरोडा हा संघराज्याचा गुन्हा आहे, रक्कम कितीही असो. चार शाखा लागोपाठ लुटल्यावर ते गप्प बसले असते हे पटत नाही. दुसरं, कॅसिनोत एका दिवसात दहा हजार डॉलरच्या वर रोख व्यवहार झाला की त्याचा अहवाल सरकारकडे जातो. भाऊ पैसे चिप्समध्ये बदलतात, थोडं खेळतात आणि चिप्स परत करून बँकेच्या नावाने चेक घेतात. रक्कम बघता कोणाच्या तरी टेबलावर तो कागद गेलाच असता.

नोटांची निवड मात्र अचूक आहे. फक्त गल्ल्यातल्या सुट्या, लहान नोटा घ्यायच्या, बांधलेल्या गड्ड्यांना हात लावायचा नाही. गड्डीत रंगाचा स्फोट करणारं पाकीट असतं आणि क्रमांक नोंदवलेले असतात. गाड्या जेसीबीने खड्डा खणून पुरतात तेही तितकंच विचारपूर्वक.

कापूसपट्टा

मी सहा वर्षं पश्चिम टेक्सासमधल्या लबकला होतो. पोस्ट तिथून आग्नेयेला तासाभराच्या आत. चित्रीकरण सगळं न्यू मेक्सिकोत झालं आहे, पण जमीन, आकाश आणि माणसं तीच. कापसाची सपाट शेतं आणि मधेच मान खालीवर करणारे तेलाचे पंप. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते चरणाऱ्या जनावरांसारखे वाटले होते.

पोस्ट गावाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सी. डब्ल्यू. पोस्ट या नाश्त्याची सीरियल विकणाऱ्या उद्योगपतीने १९०७मध्ये ते वसवलं. प्रत्येक कुटुंबाला शेत आणि घर, हप्त्याहप्त्याने मालकी, असं त्याचं स्वप्न होतं. पाऊस पडेना तेव्हा त्याने कड्यावर डायनामाइटचे स्फोट करून ढगांतून पाऊस काढायचे प्रयोग केले, १९१०पासून दोन-तीन वर्षं. सामान्य माणसाला जमिनीचा मालक करण्यासाठी उभं राहिलेलं हे गाव, आणि गोष्टीतला सगळ्यात रक्तरंजित दरोडा नेमका तिथे होतो. शेरिडनने हे नाव मुद्दाम निवडलं की नाही हे मला ठाऊक नाही, मला मात्र ते गाव पडद्यावर आलं की हाच इतिहास दिसतो.

आता रिव्हर्स मॉर्गेजबद्दल, कारण धाग्यात पुढे गोंधळ होईल. म्हाताऱ्या माणसाने घर तारण ठेवायचं, बँक त्याला पैसे देते. हप्ता भरायचा नसतो, व्याज मुद्दलात साचत जातं आणि माणूस गेला की सगळं एकदम देय होतं. दरम्यान मालमत्ता कर आणि विमा मालकाने भरायचा, तो थकला तरी जप्ती येऊ शकते. टेक्साससाठी ही फार मोठी गोष्ट आहे. राहतं घर आणि त्याभोवतीची जमीन सावकाराला मिळू नये असा कायदा त्यांनी १८३९मध्येच, टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना केला होता. खेड्यात कुटुंबाला दोनशे एकरांपर्यंत हे संरक्षण आहे. घरावर कर्ज काढायची मुभा राज्यघटना बदलून १९९७मध्ये दिली, तेव्हा कुठे बँकांना या दारातून आत येता आलं. म्हणजे हॉवर्डांच्या आजोबांवर ही वेळ आली असती तर बँकेला ती जमीन अशी घेताच आली नसती. टॅनरचा संताप मला या माहितीमुळे जास्त कळतो.

निवांत वाचक

कापूसपट्टा, ही माहिती नव्हती. धन्यवाद. आपल्याकडेही २००७च्या अर्थसंकल्पानंतर रिव्हर्स मॉर्गेज आलं होतं ना?

कापूसपट्टा

हो, साठीच्या पुढच्यांना राहत्या घरावर. फारसं कोणी घेतलं नाही. आपल्या लोकांना घर मुलांना द्यायचं असतं. हॉवर्ड माउलीलाही द्यायचंच असणार. वकील तेच सांगतो, की बँकेने तिला जेमतेम जगण्यापुरते पैसे दिले, कारण डोळा जमिनीवर होता.

अजून एक फरक. तिथे जमिनीखालच्या तेलाचा हक्क खाजगी मालकाचा असू शकतो, कंपनी भाडेकरार करते आणि निघालेल्या तेलातला हिस्सा रॉयल्टी म्हणून देते. आपल्याकडे जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्य सरकारला जाते. तेल सापडल्यावर गावातली एक विहीर एका घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं दैन्य फेडते, ही गोष्ट टेक्साससारख्या ठिकाणीच घडू शकते. सिनेमाच्या शेवटी मार्कस हिशेब मांडतो, की भावांनी सगळ्या दरोड्यांत मिळून लुटलं त्याहून जास्त आता तेल महिन्याला देतं.

पैलतीर

सगळे भावांबद्दल बोलताहेत. मला अल्बर्टोबद्दल बोलायचं आहे.

अल्बर्टो अर्धा कोमँची (या माळावरची मूळ आदिवासी जमात), अर्धा मेक्सिकन. मार्कस त्याच्या जातकुळीवरून त्याला सारखा टोचत राहतो आणि त्याला मैत्री म्हणतो. प्रेक्षक हसतात. मी ज्यांच्यासोबत पाहिला तेही हसत होते. मला अल्बर्टोचा चेहरा बघवत नव्हता, कारण असली ‘गंमत’ मी शाळेपासून ऐकत आलो आहे. हसणाऱ्याला वाटतं मैत्री आहे. ऐकणारा रोज मोजत असतो.

कोलमन गावातला तो प्रसंग आठवा. दोघे बँकेसमोर बसून वाट बघताहेत. अल्बर्टो म्हणतो, दीडशे वर्षांपूर्वी हे सगळं माझ्या पूर्वजांचं होतं, मग या लोकांच्या आज्यापणज्यांनी ते घेतलं, आता यांच्याकडून ते घेतलं जातंय. फरक इतकाच की या खेपेला सैन्य नाही, आणि तो समोरच्या बँकेकडे बोट करतो. सबंध सिनेमाचा कणा त्या दोन मिनिटांत आहे. या पटकथेचं आधीचं नाव ‘कोमँचेरिया’ होतं, कोमँचींचा मुलूख. ते नाव राहायला हवं होतं.

इतिहासातलं थोडं. सप्टेंबर १८७४मध्ये टेक्सासमधल्या पालो डुरोच्या दरीत अमेरिकी घोडदळाने कोमँचींचा तळ उद्ध्वस्त केला आणि पकडलेले हजारावर घोडे मारून टाकले. माणसं फारशी मारली नाहीत, घोडे मारले. घोडा गेला की कोमँची माळावर जगूच शकत नव्हता. पुढच्या वर्षी २ जूनला कोमँचींचा पुढारी क्वाना पार्कर उरलेल्या लोकांसह फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण आला. सिनेमातल्या अल्बर्टोचं आडनावही पार्करच आहे. आणि तो रेंजर आहे! ज्या दलाचा कोमँचींशी आणि मेक्सिकनांशी वागण्याचा इतिहास असा, की १९१८मध्ये पोर्वेनिर गावात पंधरा मेक्सिकन पुरुष आणि मुलगे ठार मारणाऱ्यांत रेंजर होते. त्याच दलाची हॅट घालून अल्बर्टो हयात काढतो, आणि एका गोऱ्या दरोडेखोराची गोळी डोक्यात घेऊन मरतो. टोबीच्या पोरांना जमीन मिळते. अल्बर्टोच्या पोरांना काय मिळतं?

माळरान, तुम्ही रक्षकाचं विचारलंत. माझं उत्तर अल्बर्टो आहे.

शेवंती

पैलतीर, प्रतिसाद दोनदा वाचला. मार्कसच्या टोमण्यांना मीही हसले होते. आता परत बघताना हसू येणार नाही.

एक मात्र म्हणेन, सिनेमा हे लपवत नाही. अल्बर्टो पडल्यावर मार्कसचं काय होतं बघा. टॅनरला गोळी घातल्यावर तो आधी हसल्यासारखा करतो आणि मग त्याच आवाजाचं रडणं होतं. ब्रिजेसला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं, ते या एका मिनिटासाठी मिळालं असं मी धरून चालते. आणि कॅसिनोतला तो प्रसंगही आहे, एक कोमँची माणूस टॅनरला आपल्या जमातीच्या नावाचा अर्थ सांगतो, कायमचा शत्रू. टॅनर म्हणतो, मग मीही कोमँचीच. त्या वेळी मला ते शौर्याचं वाक्य वाटलं होतं. तुमचं वाचल्यावर वाटतंय, त्या माणसाचं उरलेलं नावसुद्धा टॅनर घेऊन गेला.

जुनी पाने

पैलतीर यांनी १८७५चा जून सांगितला म्हणून राहवत नाही.

त्याच्या तीनच आठवडे आधी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत दोन ओळी वाचतो ते हेच. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते पसरले. या लोकांना हवे होते कर्जरोखे, गहाणखतं आणि हुकूमनामे. ते मागून घेतले, नाही दिले तर ओढून काढले आणि जाळले. सावकारांच्या जिवाला हात लावल्याच्या घटना फारच थोड्या. मग चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला, त्याने कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

एकाच उन्हाळ्यात पृथ्वीच्या दोन टोकांना जमीन हातातून जात होती, हे मला आजच कळलं. सुप्याच्या लोकांना शत्रू कोण ते दिसत होतं, गावातला दुकानदार, त्याची पेटी, पेटीतला कागद. हॉवर्ड बंधूंसमोर असतो तो काउंटरवरचा पगारी माणूस. पहिल्या दरोड्यातली ती कारकून बाई आठवा, सकाळी सिगरेट विझवून दार उघडणारी. तिच्याशी त्यांचं काय वैर? कागद मुख्यालयात आहे आणि मुख्यालयाला तोंडच नाही. म्हणून बंदूक सापडेल त्याच्यावर रोखली जाते. माळरान यांच्या रक्षकाचा जीव तिथे जातो असं मला वाटतं.

तळटीप

जुनी पाने, हे पटलं. आणि त्यातही टोबी शेवटी काय करतो बघा. जमीन मुलांच्या ट्रस्टमध्ये टाकतो आणि ट्रस्ट सांभाळायला त्याच बँकेला देतो. तेलाचा पैसा खात्यात येत राहतो म्हणून बँक रेंजरला तपासात मदत करत नाही. सुप्यात रोखा जाळला. इथे रोखा फेडून त्याच पेढीत नवं खातं उघडलं. हे टोबीचं शहाणपण आहे, आणि हरलेपणही त्यातच दिसतं. लढाई जिंकूनही पेढी जागच्या जागी राहते.

कायद्याच्या चुका काढत बसलो होतो, हे आधी लिहायला हवं होतं.

निवांत वाचक

हॉटेलातली वेट्रेस कोणाला आठवते का? टोबी दोनशे डॉलर टीप ठेवून जातो. मार्कस पुरावा म्हणून ते मागतो, ती देत नाही. तिचंही घरकर्ज आहे, त्या दोनशे डॉलरवर तिच्या लेकीच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून आहे. मला सबंध सिनेमात तिचा राग सगळ्यात खरा वाटला. त्याच वेळी टॅनर रस्ता ओलांडून एकटाच शेजारची बँक लुटून येतो, टोबीला पत्ताही नसतो. भावाभावांतला फरक किती सोप्या रीतीने दाखवला आहे.

आणि निक केव्ह, वॉरन एलिस यांचं संगीत. त्या व्हायोलिनने माळ अजून मोठा होतो.

शेवंती

आणि वणव्याचा प्रसंग! गुरं रस्त्यावर आणून आगीपुढून नेणारा तो गुराखी म्हणतो की एकविसाव्या शतकात मी हे करतोय आणि वर माझी पोरं हे काम का करत नाहीत याचं मला नवल वाटतं. रेंजर काही मदत करू शकत नाहीत, गाडी पुढे काढतात. पंधरा-वीस सेकंद असतील. माझे मामा अजून गुरं राखतात, मला तो माणूस ओळखीचा वाटला.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढताना दोन-चार प्रतिसाद येतील असं धरलं होतं.

काल रात्री पैलतीर यांचं वाचून फक्त अल्बर्टोचे प्रसंग परत पाहिले. तो जवळजवळ प्रत्येक प्रसंगात काहीतरी सहन करत बसलेला आहे. खुर्चीत, गाडीत, मोटेलच्या खोलीत. माझा मूळ प्रश्नच अपुरा होता. मी बाजू विचारली दोन, भावांची आणि कायद्याची. त्या माळावर त्याहून जुनी एक बाजू आहे आणि ती विचारण्याआधीच मी सिनेमा संपवत होतो. तरीही कबूल करतो, ओसरीवर मार्कस आणि टोबी समोरासमोर बसतात तेव्हा टोबीला गोळी लागू नये असंच काल पुन्हा वाटलं.

सातबारा

धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमची चार एकर कोरडवाहू. वडिलांनी विहिरीसाठी कर्ज काढलं, विहिरीला पाणी लागलं नाही. मग एक कर्ज फेडायला दुसरं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला तो मी चौथीत असताना, आणि जप्तीची नोटीस आली तेव्हा मी आठवीत. वडील तो उतारा घडी घालून खिशात ठेवायचे. कोणी आलं की काढून दाखवायचे, जणू समोरचा काही करू शकेल.

दादा तेव्हा दहावी झाला होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला, पुढे ट्रकवर गेला. नऊ वर्षं. त्याने ती नऊ वर्षं कशी काढली, काय काय केलं, ते सगळं मला माहीत नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. माझी फी तो भरायचा. बोजा उतरला, बेबाकी दाखला आला, त्या दिवशी तो गावात नव्हता, नागपूरच्या पुढे कुठेतरी माल घेऊन गेला होता. वडील गेल्यावर वारस लावायची वेळ आली तेव्हा त्याने माझ्या नावे हक्कसोड करून दिली. मी नको म्हणालो. तो म्हणाला, तुला पोरं आहेत.

सिनेमात टोबी टॅनरला विचारतो, हे तडीस जाईल असं तुला वाटत नव्हतं तर हो का म्हणालास? टॅनर म्हणतो, तू विचारलंस म्हणून, धाकट्या. हे वाक्य आलं आणि मी सिनेमा थांबवून बाहेर जाऊन उभा राहिलो.

टॅनर खुनी आहे. माळरान, पैलतीर, तुमचं सगळं मला मान्य आहे, रक्षकाचं आणि अल्बर्टोचं. माझ्या दादाने कोणाच्या केसाला धक्का लावला नाही, त्याची तुलना मी त्या माणसाशी करत नाही. पण निरोप घेताना दोघे दोन गाड्यांत बसतात आणि टॅनर वळून डोंगराकडे जातो, ते मी दुसऱ्या कोणाची बाजू घेऊन बघूच शकत नाही.

गेल्या रविवारी दादा आला होता. त्याला लॅपटॉपवर सिनेमा लावून दिला, मराठीत थोडं थोडं सांगत गेलो. तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. टोबी त्या रँचवर राहत नाही, गावात भाड्याच्या घरात राहतो आणि इथे फक्त डागडुजी करायला येतो, हे मी सांगितलं. दादा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरोबर आहे. तिथं झोप कशी लागंल त्याला?”

उठून चप्पल घातली आणि विहिरीकडे चक्कर मारायला गेला. तो घरी आला की दर वेळी जातो.